वडील गेले, घर विकायचंय. बहिणीकडून हक्कसोड घेऊन एकाच नावावर केलं तर कॅपिटल गेन टॅक्स, म्हणजे विकून झालेल्या नफ्यावरचा टॅक्स, कमी लागेल का? अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो वडील गेले त्या दिवशीची किंमतच खरेदी किंमत धरतात, खरं का?

नाही. उलट बहुतेक वेळा जास्तच लागेल. आणि हे "टॅक्ससाठी बहिणीची सही" प्रकरण कोणी सुरू केलं देव जाणे, पुण्यात घरटी एक तरी बहीण सापडेल अशी सही केलेली. मीही त्यातलीच, आणि मी बँकेत तीस वर्षं काढलेली बाई, म्हणून मनाला जास्त लागतं.

आमचं डहाणूकर कॉलनीत रो हाऊस होतं, बाबांनी 1989 मध्ये घेतलेलं. बाबा 2016 मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. दादा म्हणाला तीन नावं म्हणजे तीन पॅन, तीन रिटर्न, टॅक्स तिप्पट, तू आणि आई हक्कसोड करा, विकल्यावर तुझं काय ते बघू. आई म्हणाली भावाशी कशाला वाकडं घ्यायचं. गेले, फोटो काढला, अंगठा दिला, 200 रुपयांच्या स्टँपवर माझा हक्क संपला.

2018 मध्ये घर गेलं 2 कोटी 6 लाखांना. दुसऱ्या वर्षी भाऊबीजेला दादा ताटावर बसून रडगाणं गातोय की सरकारने लुटलं. मी तिथेच कालनिर्णयच्या पाठीमागे हिशोब मांडला. 2001 ची किंमत 20 लाख धरली होती, इंडेक्सेशन करून, म्हणजे महागाईप्रमाणे ती वाढवून, 56 लाख, म्हणजे नफा दीड कोटी. कॅपिटल गेन बाँडमध्ये जेवढा नफा गुंतवाल तेवढ्यावर टॅक्स माफ, आणि त्याची मर्यादा माणशी 50 लाख! तिघांच्या नावावर असतं तर 50-50-50, टॅक्स शून्य. त्याने एकट्याने 50 लाखांचे बाँड घेतले आणि उरलेल्या एक कोटीवर 20 टक्के भरले, सरचार्ज आणि सेस वर. राहतं घर घेतलं असतं तरी सुटला असता, पण साहेबांनी वारज्यात दुकानाचा गाळा घेतला, त्याला सूट नाही. मी कागद पुढे केला तर म्हणे तुला काय कळतं. माझं "काय ते बघू" म्हणजे ओवाळणीतली साडी, तीही वहिनीच्या पसंतीची.

तर तुमचं. अमेरिकेतला चुलतभाऊ सांगतो ते तिकडचं, तिथे वारसाला मृत्यूच्या दिवशीची किंमत खरेदी किंमत म्हणून मिळते. आपल्याकडे वडिलांचीच किंमत पुढे चालते, घर त्याआधी घेतलेलं असेल तर फार तर 1 एप्रिल 2001 ची धरायची, तीही तेव्हाच्या स्टँप ड्यूटीच्या किमतीपेक्षा जास्त नाही. 23 जुलै 2024 च्या आधीचं घर असेल तर साडेबारा टक्के इंडेक्सेशनशिवाय किंवा वीस टक्के इंडेक्सेशनसह, कमी येईल ते. बाँड सहा महिन्यांत घ्यायचे, पाच वर्षं अडकतात, व्याज फडतूस आहे आणि त्यावरही टॅक्स. दुसरं घर घ्यायचं असेल तर दोन वर्षांत. आणि हे सगळं प्रत्येक वारसाला वेगवेगळं मिळतं, म्हणून नावं जास्त असणं चांगलं, कमी नाही. कलमांचे नंबर नव्या इन्कम टॅक्स कायद्यात बदललेत म्हणून लिहीत नाही.

बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर वाटा बक्षीस करायची हुशारी करू नका, क्लबिंग होतं, म्हणजे तो नफा तुमच्याच उत्पन्नात धरतात, आणि टॅक्स तुमच्याच माथी येतो.

हां, बहीण परदेशात असेल तर गणित वेगळं, वीस टक्क्यांचा पर्याय तिला नाही आणि तिच्या वाट्यावर टीडीएस जबर कापतात, तेव्हा आधी सीएला विचारा. पण तिच्या वाट्याचे पैसे तिच्याच खात्यात जाऊ द्या, तुमच्या खात्यातून "नंतर देतो" नको.

दादा हे वाचणार नाही, तो इथे नसतो. वहिनी असते.