गावचे दहा जण आणि पोट्टे, दिल्लीत सकाळ ते संध्याकाळ एकच दिवस आहे, राष्ट्रीय संग्रहालय बघावं की आधुनिक कला संग्रहालय?

राष्ट्रीय संग्रहालयच बघा, जनपथवरचं, आणि अर्धा दिवस तरी त्यालाच द्या. मी गावातल्या पोट्ट्यांना घेऊन दोनदा गेलोय, नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, पाहिलेली पोरंही तिथे गप उभी राहतात. आधी हडप्पा दालन गाठा, मोहेंजोदडोची ती कांस्याची नर्तकी पुस्तकातल्या फोटोत मोठी वाटते पण आहे फक्त 10.5 सेंमी, म्हणजे अर्ध्या वितीएवढी, डाव्या हातात दंडापर्यंत बांगड्या, जवळ जाऊन निवांत बघा. मग बुद्ध दालन, उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा गावी सापडलेल्या बुद्धांच्या अस्थी तिथे असतात, आपल्या भागातली म्हातारी माणसं तिथनं हलत नाहीत, त्यांना घाई करू नका. फक्त या अस्थी कधीकधी दर्शनासाठी परदेशात नेतात, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा.

सोमवारी दोन्ही बंद असतात, रिझर्वेशन त्या हिशोबानं काढा. वेळ उरलाच तर इंडिया गेटजवळच्या जयपूर हाऊसमध्ये, म्हणजे त्या आधुनिक कला संग्रहालयातच, अमृता शेरगिलची चित्रं तेवढी बघून या, तीही सोडण्यासारखी नाहीत.