रानघोडे, मोकाट घोडे की रानभरी घोडे?

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न आहे: "अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी जमिनीवर हजारो घोडे मोकळे राहतात. त्यांची संख्या आवरायची की नाही, आणि आवरायची तर कशी, यावरून तिथं अनेक वर्षं वाद चालू आहे. त्यावरचा लेख मराठीत आणताना या घोड्यांना जंगली म्हणू, रानघोडे म्हणू की मोकाट घोडे? आणि 'पब्लिक लँड'ला सार्वजनिक जमीन चालेल का?"

या तिन्हींपैकी एकही शब्द मी वापरणार नाही. हा प्राणी रानाचा की माणसाचा, यावरच तिथला निम्मा वाद आहे. शब्द निवडताना आपण नकळत एका बाजूला जाऊन बसतो.

'जंगली' लगेच बाजूला ठेवता येतो. निम्म्याहून जास्त घोडे नेवाडा राज्यात आहेत. तो मुलूख कोरडा, उघडा, खुरट्या झुडपांचा आहे. 'जंगल' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे झाडी उभी राहते, आणि ती तिथं नाही.

'रान' जास्त विचार करायला लावतं. रानडुक्कर, रानमांजर, रानकोंबडा या शब्दांतलं 'रान' पत्ता तर सांगतंच, शिवाय कूळही सांगतं. या जनावराच्या वंशाला माणसाचा हात लागलेला नाही, असं त्यातून आपण समजतो. अमेरिकेतल्या घोड्यांचं तसं नाही. घोड्याचा वंश उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाला, पण सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तिथून नाहीसा झाला. आज जे आहेत ते सोळाव्या शतकापासून स्पॅनिश लोकांनी जहाजांतून आणलेल्या आणि पुढे वसाहतवाल्यांच्या, लष्कराच्या, गुरं पाळणाऱ्यांच्या हातून सुटलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. घोड्यांच्या बाजूचे लोक म्हणतात, हा मूळ रहिवासी घरी परतला आहे. चराईवाले आणि बरेच वन्यजीव अभ्यासक म्हणतात, ही सुटलेली पाळीव जनावरं आहेत, त्या जमिनीला ती परकी आहेत. 'रानघोडा' लिहिलंत की पहिल्या पक्षाचा दावा मान्य केल्यासारखं होतं.

'मोकाट' दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळतो. मोकाट जनावराला कुठेतरी मालक असतो, त्याने ते बांधलेलं नसतं, आणि ते दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरतं. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'मोकाट जनावरांचा' एवढं वाचलं की पुढचा शब्द 'बंदोबस्त' हाच येणार, हे आपण धरूनच चालतो. मग कोंडवाडा, दंड, लिलाव.

हा फरक तिथं एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो खटला लेखात यावा असं मला मनापासून वाटतं. १९७४ साली न्यू मेक्सिको राज्यात एका पशुपालकाने तक्रार केली की सरकारी जमिनीवरची गाढवं त्याच्या गुरांचं खाद्य खाताहेत. राज्याच्या पशुधन मंडळाने चुकार जनावरांच्या कायद्याखाली १९ गाढवं पकडली आणि लिलावात विकली. केंद्राचं म्हणणं होतं की ती १९७१च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित आहेत, राज्याला ती विकताच येत नाहीत. राज्याच्या लेखी चुकार, केंद्राच्या लेखी 'वाइल्ड', आणि गाढवं तीच! १९७६ मध्ये न्यायालयाने एकमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला.

आता १९७१चा तो कायदा 'वाइल्ड' कोणाला म्हणतो ते पाहा. त्यात प्राणिशास्त्र नाही. अमेरिकेच्या सरकारी जमिनीवर असलेले, डाग न दिलेले आणि कोणी हक्क न सांगितलेले सगळे घोडे आणि गाढवं, अशी ती व्याख्या आहे. घोड्याला डाग देणं हा प्रकार आपल्याला नवा नाही. मोगलांच्या लष्करात घोडे डागायची रीतच होती. अमेरिकेत डाग म्हणजे मालकीची सही. ज्यांच्यावर ती सही नाही आणि ज्यांना कोणी आपलं म्हणत नाही, तीच जनावरं या कायद्याने रानाची ठरवली. या कायद्यामागे होती व्हेल्मा जॉन्स्टन ही नेवाडातली बाई. १९५० मध्ये कामावर जाताना तिला एका ट्रकमधून रक्त गळताना दिसलं. आत कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी नेले जाणारे घोडे होते. तिने चालवलेल्या मोहिमेमुळे १९५९ मध्ये मोटारी आणि विमानांनी या घोड्यांची शिकार करण्यावर बंदी आली, आणि पुढे शाळकरी मुलांच्या पत्रांचा संसदेवर पाऊस पडून १९७१चा कायदा झाला.

मस्टँग या त्यांच्या प्रसिद्ध नावातही हीच कथा आहे. ते स्पॅनिश 'मेस्तेन्गो'वरून आलं. अर्थ भटकं, बेवारस जनावर. स्पेनमध्ये पशुपालकांची 'मेस्ता' नावाची संघटना होती आणि मालक न सापडलेल्या जनावरांचा संबंध तिच्याशी येई.

म्हणून माझं मत 'रानभरी' या जुन्या शब्दाला आहे. गुरं कळपातून फुटून रानोमाळ झाली की ती रानभरी झाली असं म्हणतात. जनावर आधी माणसाचं होतं आणि मग रानाचं झालं, हे दोन्ही त्यात येतं. त्यात मालकाच्या हलगर्जीपणावर बोट नाही, आणि मूळ निवासीपणाचा दावाही नाही. पहिल्या उल्लेखाला 'रानभरी झालेले घोडे' लिहा, पुढे नुसतं 'रानभरी घोडे' पुरेल. लेखात कोणाचं म्हणणं अवतरणात येत असेल तर मात्र त्याचा शब्द त्याचाच राहू द्या. पशुपालक मोकाटच म्हणेल.

जमिनीबद्दल. अमेरिकेच्या भू-व्यवस्थापन खात्याकडे जवळपास २४.५ कोटी एकर जमीन आहे. त्यातल्या ठरावीक टापूंतच हे घोडे राहतात. बऱ्याच टापूंत परवाना घेऊन खाजगी गुरंही चरतात. एक गाय आणि वासरू महिनाभर चारायची फी कित्येक वर्षं १.३५ डॉलर होती. मराठी वाचकाला हे समजवायला 'गायरान' आठवण्यासारखं आहे, कारण जमीन सरकारची आणि चराई लोकांची हे नातं त्यात आहे. पण भाषांतरात तो शब्द नको, त्या जमिनीवर खाणी आणि तेलविहिरीही आहेत. सरळ 'सरकारी जमीन' लिहा. घोड्यांच्या बाजूचे लोक 'ही सगळ्या नागरिकांची जमीन आहे, मूठभर पशुपालकांची नव्हे' असं म्हणतात, तिथे 'सार्वजनिक' हाच शब्द हवा. तो त्यांच्या युक्तिवादाचा कणा आहे.

विचारलं नसलं तरी आणखी दोन-तीन ठिकाणी ठेच लागेल. सरकारने ठरवलेली 'योग्य संख्या' पंचवीस-सव्वीस हजारांच्या आसपास आहे. २०२४ मध्ये प्रत्यक्षात ७३ हजारांवर जनावरं होती, आणि पकडून आणलेली आणखी ६० हजारांवर सरकारी खर्चाने पोसली जात होती. हेलिकॉप्टरने हाकून कळप पकडतात त्या कामाला खातं नुसतं 'गोळा करणं' म्हणतं. विरोधकांचा शब्द जास्त कडक आहे. मराठीत 'हाका घालून पकडणं' लिहा. शिकारीतला हाका आणि हे काम यांत जनावराची धावपळ सारखीच असते, ती वाचकाला कळायला हवी. पकडलेल्यांना ठेवतात त्या जागेला 'निवारा केंद्र' म्हणू नका. आपल्याकडे त्याला चोख शब्द आहे: कोंडवाडा. माझं स्वतःचं मत हेच आहे की कोंडवाडे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१३च्या अहवालानेही सांगितलं की कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, आणि घोडे उचलून नेल्याने उरलेल्यांना चारा पुरतो, म्हणून ती वाढ चालूच राहते. घोडीला टोचायची गर्भनिरोधक लस हा मार्ग त्यांनी पुढे ठेवला. इथे 'नसबंदी' हा शब्द चुकेल, कारण लशीचा परिणाम ओसरतो.

पकडलेला घोडा नागरिकांना देण्याच्या योजनेला 'दत्तक' म्हणावंसं वाटेल. पण आपल्याकडे प्राणी दत्तक घेणारा पैसे भरतो आणि प्राणी उद्यानातच राहतो. तिथे घोडा घरी जातो, आणि वर्षभर नीट सांभाळला तर मालकी मिळते. 'सांभाळायला देणं' बरं.

शेवटी गाढवं. कायद्यात घोड्यांबरोबर त्यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे लेखात ती येणारच. त्यांना 'रानगाढव' अजिबात लिहू नका. मराठी वाचकासाठी रानगाढव म्हणजे कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर. ती वेगळी जात आहे, माणसाने कधी पाळलेली नाही, आणि तिला 'रान' शोभतं. अमेरिकेतली गाढवं ही आपल्या ओळखीच्या पाळीव गाढवाचीच जात आहे. तीही रानभरीच.