गांडूळं बादलीतून पळतायत, काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरीतल्या कुंड्यांसाठी नर्सरीतून गांडूळं आणली आणि झाकणाच्या बादलीत ओला कचरा घालून सोडली. आता आंबूस वास येतोय, चिलटं झालीत आणि सकाळी झाकणाला गांडूळं चिकटलेली असतात. सासूबाई म्हणतात अंगणातली आणा, ती टिकतील. खरंय का?

उत्तर: नाही हो, अंगणातली बहुतेक गांडूळं मातीत राहणारी, त्यांना किचनचा कचरा नको असतो. खताला आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस या जातींची गांडूळं लागतात, ती वरच्या थरातच राहून कुजलेलं खातात. तुमच्या बादलीत पाणी साचलंय आणि हवा नाहीये म्हणून ती वर चढतायत, गांडूळ कातडीनेच श्वास घेतं ना! तळाला, बाजूला भोकं पाडा आणि सुका पाला, फाडलेला पुठ्ठा भरपूर मिसळा, मूठभर दाबलं तर एखाद-दुसरा थेंबच पडला पाहिजे. कचरा रोज डायरेक्ट ओतू नका, आधी वेगळ्या डब्यात आठ-दहा दिवस कुजवा कारण ताज्या कचऱ्याचा ढीग तापतो आणि त्या गरमीत बिचारी मरतात. लिंबाची सालं, मिरची, लोणचं, तेलकट भाजी नकोच. चिलटांसाठी वर सुक्या पाल्याचा जाड थर पुरे, कीटकनाशकाचा फवारा अजिबात मारायचा नाही. मुंग्या आल्या तर पाण्याच्या परातीत वीट ठेवून त्यावर बादली. दोन-तीन महिन्यांत चहापावडरसारखं काळं खत दिसलं की चाळून घ्या, कुंडीला एक-दोन मुठी बास.