नीतिसूत्रांमधली प्रज्ञा निष्ठुर आहे का?

तुमचा प्रश्न असा की, बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञा, म्हणजे तिथे बाईच्या रूपात बोलणारं शहाणपण, म्हणते, तुमच्यावर अरिष्ट येईल तेव्हा मी हसेन, तुम्ही हाका माराल पण मी ओ देणार नाही. मग ही निष्ठुर नाही का?

मलाही ते हसणं बोचतं, आणि ते गुळगुळीत करून वाचू नये असंच माझं मत आहे. पण वाचायला 20व्या वचनापासून सुरुवात करा. ही बाई भर रस्त्यात, चौकात, वेशीच्या तोंडाशी उभी राहून ओरडते आहे. प्राचीन इस्राएलात वेशीत वडीलधारे बसत, न्यायनिवाडे होत. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत बवाज नावाच्या जमीनदाराने विधवा नामीच्या शेताचा आणि तिची विधवा सून रूथ हिच्या लग्नाचा प्रश्न वेशीतच दहा वडिलांसमोर मिटवला. अशा जागी ओरडणाऱ्याचं ऐकू आलं नाही, असं कोण म्हणणार? 'कुठवर?' असं ती विचारते, हात पुढे करते, आणि कुणी ढुंकूनही बघत नाही.

रहबाम राजाचं उदाहरण घ्या. ज्या शलमोन राजाच्या नावावर ही नीतिसूत्रे आहेत, त्याचाच हा मुलगा! शखेम गावात इस्राएलचे लोक त्याला म्हणाले, तुझ्या बापाने लादलेलं जू जरा हलकं कर. त्याने तीन दिवस मागून घेतले. वृद्ध मंत्र्यांनी सांगितलं, आज यांच्याशी गोड बोल, हे कायम तुझे होतील. त्याने ऐकलं मात्र बरोबरीच्या पोरांचं: बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा त्याच्यापासून फुटले. त्याने वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला पाठवलं, तर लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं, आणि राजा रथात बसून यरुशलेमेला पळाला. तेव्हा वृद्धांना पुन्हा बोलावलं असतं तरी ते काय सांगणार होते?

31व्या वचनात हेच आहे: ते आपल्या वागण्याचं फळ खातील. अरिष्टाचं वादळ प्रज्ञा आणत नाही. आणि हे सगळं ती बोलते कधी? वादळ यायच्या आधी, अजून वळता येईल अशा माणसांसमोर. म्हणून मी त्या हसण्याला धमकावून मारलेली हाकच समजतो. तिला खरोखर तोंड फिरवायचं असतं तर 8व्या अध्यायात ती पुन्हा त्याच वेशीत आली नसती, आणि 9व्यात त्याच भोळ्यांना जेवायला बोलावलं नसतं.