प्रश्न वाचकांचे : छावणीचे दार

प्रश्न : इराणच्या मुजाहिदीन-ए-खल्क या संघटनेला कोणी दहशतवादी म्हणतात, तर कोणी लोकशाहीवादी विरोधक. तिचे काही जुने सदस्य मात्र संघटनेनेच आपला छळ केल्याचे सांगतात. यांपैकी खरे कोणाचे मानावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : एक बाजू खरी ठरली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. ‘दहशतवादी’ या शिक्क्यावर तर फार विसंबू नये. अमेरिकेने या संघटनेला १९९७ मध्ये दहशतवादी यादीत घातले आणि २०१२ मध्ये काढले. युरोपीय संघाने २००२ मध्ये घातले आणि २००९ मध्ये काढले. या सगळ्या काळात संघटनेच्या इराकमधील छावणीत राहणारी माणसे बहुतांशी तीच होती.

तेहरानमधील काही सुशिक्षित तरुणांनी १९६५ मध्ये इराणच्या शहाच्या, म्हणजे राजाच्या, राजवटीविरुद्ध ही संघटना उभारली. १९७९ च्या क्रांतीनंतर तिचे क्रांतीचे नेते खोमेनी यांच्याशी बिनसले, १९८१ मध्ये उघड सशस्त्र संघर्ष पेटला आणि नेते मसूद रजवी फ्रान्सला निसटले. १९८६ मध्ये त्यांनी आपला तळ इराकमध्ये हलवला. इराण-इराक युद्ध चालू असताना सद्दाम हुसेन यांच्या आश्रयाला जाणे कित्येक इराणी लोकांनी, राजवटीच्या विरोधकांनीसुद्धा, त्यांना आजवर माफ केलेले नाही.

पण या रागाचा १९८८ मध्ये इराणच्या तुरुंगांत घडलेल्या प्रकाराशी हिशेब जुळवता येत नाही. त्या वर्षी आधीच शिक्षा भोगत असलेल्या हजारो राजकीय कैद्यांना, ज्यांत या संघटनेचे सर्वाधिक होते, खोमेनींच्या आदेशाने चौकशी मंडळांपुढे उभे करून फासावर देण्यात आले. तुझी संघटना कोणती, या प्रश्नाला ‘मुजाहिदीन’ असे उत्तर दिले की बहुधा तिथेच निकाल लागे. सरकारला हवा असलेला शब्द ‘मोनाफेकीन’, म्हणजे ढोंगी, हा होता. खोमेनींचे नियोजित वारस आयातुल्ला मोंताझरी यांनी या हत्यांना आक्षेप घेतला आणि १९८९ मध्ये त्यांचे वारसपद गेले.

आता छावणीच्या आतली गोष्ट. इराकमधील अशरफ छावणीत १९८९ नंतर ‘वैचारिक क्रांती’च्या नावाखाली पती-पत्नींना घटस्फोट घ्यायला लावण्यात आले आणि १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी मुलांना युरोप-अमेरिकेत पाठवण्यात आले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००५ मध्ये बारा माजी सदस्यांच्या मुलाखतींवरून लिहिलेल्या अहवालात एकांतवास, मारहाण आणि संघटना सोडू पाहणाऱ्यांना सद्दामच्या अबू ग्रैब तुरुंगाच्या स्वाधीन करणे, असे प्रकार नोंदवलेले आहेत. संघटनेने ते सारे फेटाळले आणि काही युरोपीय खासदारांनी तिची बाजू घेतली. बारा जण म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. तरी सदस्यांना बाहेर पडणे कठीण होते या निष्कर्षाला रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा २००९ चा अभ्यासही दुजोरा देतो, म्हणून मला ते कथन विश्वासार्ह वाटते. टीका करणारा प्रत्येक माजी सदस्य तेहरानचा हस्तक आहे, असे संघटना म्हणते. इराणची गुप्तचर यंत्रणा अशा माणसांचा वापर करून घेते, हे खरेच. पण एखाद्याच्या व्रणांचा तिसऱ्याने प्रचारासाठी उपयोग केला म्हणून ते व्रण रंगवलेले ठरत नाहीत.

प्रश्न : या लोकांना जिनिव्हा कराराचे संरक्षण होते असे वाचले. मग ते मारले कसे गेले? – आपलाच आणखी एक वाचक, नाशिक

उत्तर : २००३ मध्ये अमेरिकेने इराक जिंकल्यावर छावणीतील शस्त्रे काढून घेतली आणि २००४ मध्ये तेथील रहिवाशांना युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार संरक्षित व्यक्ती मानले. मात्र या दर्जाची भिस्त पहाऱ्यावरील अमेरिकी फौजेवर होती. २००९ च्या आरंभी छावणीचा ताबा इराकी सरकारकडे गेला, आणि त्या सरकारचे तेहरानशी जवळचे संबंध होते. त्याच वर्षी जुलैमध्ये आणि पुन्हा एप्रिल २०११ मध्ये इराकी सुरक्षा दले आत घुसली. दुसऱ्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे ३४ जण मारले गेले. १ सप्टेंबर २०१३ रोजी अशरफमध्ये मागे राहिलेल्यांपैकी आणखी ५२ जणांची हत्या झाली.

उरलेल्यांना बगदादजवळच्या दुसऱ्या छावणीत हलवले होते, पण तेथेही रॉकेट पडत राहिले. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने संघटनेला एकगठ्ठा दर्जा न देता प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घेण्याचा आग्रह धरला. संघटनेला हे रुचले नाही, पण मला तीच पद्धत योग्य वाटते, कारण आश्रय मागणारा माणूस असतो, संघटना नव्हे. २०१६ पर्यंत बहुतेक सर्वांना, मुख्यतः अल्बेनियात, हलवण्यात आले. संघटनेची नवी वसाहत दुर्रेस शहराच्या परिसरात मानेझजवळ आहे. संघटना सोडलेले काही जण राजधानी तिरानामध्ये वेगळे राहतात.