सागवानी टेबलाला जवसाचं तेल लावायचं असेल तर

पाच बाय तीनच्या नव्या सागवानी जेवणाच्या टेबलाला घाण्यावरचं जवसाचं तेल लावू का, असा प्रश्न आहे. जवस बरोबर, पण कच्चं तेल नको. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून लाकडाला चालतं. खोबरेल, शेंगदाण्याचं तसं होत नाही. ते ओलंच राहतं, धूळ धरतं, खवट होतं. पण कच्च्या जवसाला वाळायला आठवडे लागतात आणि सागाचं अंगचं तेल त्याला आणखी रखडवतं. रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिनसीड, म्हणजे लवकर वाळणारं जवसाचं तेल आणा. त्यात वाळवणारी धातूची द्रव्यं असतात. 'टीक ऑइल' हे नाव पाहून भुलू नका, ते सागातून काढलेलं नसतं.

आधी 120, मग 180, शेवटी 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. त्याहून बारीक घासलं तर तेल नीट मुरत नाही. धूळ झटका, थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर उडाला की तासाभरात पहिला हात द्या: तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. वरच्या फळीला सव्वाशे-दीडशे मिली पुरतं. खालची बाजूही सोडू नका, नाहीतर दोन्ही बाजू ओल वेगवेगळी ओढतात आणि फळी वाकते.

आता खरी मेख. वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं तेल कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा, इतकं की बोट फिरवलं तर उमटू नये. बहुतेक टेबलं इथेच बिघडतात. जास्त तेलाने चमक येईल या आशेने थर ठेवला की वर साय धरते, आत ओलं राहतं आणि ताट उचलताना चिकटतं. तसं झालंच तर टर्पेंटाइनने घासून काढा.

पुढचे दोन हात तीन भाग तेल, एक भाग टर्पेंटाइन. मध्ये किमान एक दिवस. नागपुरात श्रावणाच्या दमट हवेत दोन-तीन दिवस धरा. मे महिन्यात काम सावलीत करा, तापलेल्या फळीतून तेल परत वर पाझरतं. कूलरच्या झोतात तर टेबल वाळवूच नका. गरम पातेल्याचा डाग तेलावर पडेल, पण तेवढीच जागा हलकी घासून पुन्हा तेल लावता येतं.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. अंगणात एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्या किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.