जुनी मसल कार घरी रिस्टोर करावी, की तयार गाडी घ्यावी?

तुम्ही विचारलंय की 1960 च्या दशकातली अमेरिकन मसल कार (मध्यम आकाराच्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन) घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः रिस्टोर करणं परवडतं का, की रिस्टोर केलेली तयार गाडी घ्यावी, आणि सुरुवात इंजिनपासून करावी का. खाली एक ओळ जोडलीये: "मित्र म्हणतात, हे मेकॅनिकचं काम, आपल्यासारख्या नोकरदारांचं नव्हे." मी लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या ओळीमुळे.

आधी हिशोब उरकतो. पैशाने बघाल तर तयार गाडीच स्वस्त पडते. पूर्ण गाडी सुटी करून पुन्हा उभी करायला हजार तास सहज जातात. दुकानाचा दर ताशी 100 डॉलर धरा आणि गुणाकार करा. विकणाऱ्याला ते सगळे तास कधीच वसूल होत नाहीत, त्यामुळे त्याच्या मजुरीचा मोठा भाग तुम्हाला जवळजवळ फुकट मिळतो. घरी केलंत तर मजुरी तुमची, पण क्रोम, रंग, मशीन शॉप, सीटची कव्हरं, काचांची रबरं हे सगळं रोखीने घ्यावं लागतं.

इंजिनपासून सुरुवात अजिबात करू नका. सगळे तेच करतात. इंजिन उतरवलं, बोअर केलं, रंगवलं, स्टँडवर चकचकीत उभं केलं, आणि तोवर पैसे आणि उमेद दोन्ही संपले. अर्धवट गाड्यांच्या जाहिराती वाचा. "इंजिन नवं, बाकी गाडी खोक्यांमध्ये" अशा किती निघतात बघा. आधी पत्रा आणि चासी, मग ब्रेक, मग वायरिंग, आणि इंजिन त्यानंतर. पत्र्यात दम नसेल तर इंजिनाचं करायचं काय?

आता माझी गाडी. 1966 ची पॉन्टियाक जीटीओ, हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छपराची पण दोन खिडक्यांमध्ये खांब नसलेली. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो आणि ही गाडी बनली ते पॉन्टियाक शहर माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत आहे. त्या काळी जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाक विभागातल्या जॉन डेलोरियन या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1964 च्या टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचं इंजिन बसवलं आणि त्याला नवं मॉडेल न म्हणता 'ऑप्शन' म्हणून विकलं. मसल कारची सुरुवात बहुतेक लोक तिथून धरतात. 1966 साली जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या वर्षी 96,946 गाड्या खपल्या. पुढे कुठल्याच वर्षी तो आकडा गाठला गेला नाही. हा इतिहास मला तोंडपाठ होता, पण गाडी घेताना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो आमच्या अण्णांकडून लहानपणी शिकलेल्या गोष्टींचा.

अण्णांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल, गॅस कटर, वेल्डिंगचा सेट. गुऱ्हाळाच्या चरकापासून ट्रकच्या केबिनपर्यंत काहीही दुरुस्तीला यायचं. गूळ शिजवायच्या काहिलीचा तळ जळून पातळ झाला की तो कापून नवा घालायचं काम तर आसपासच्या गावांतून त्यांच्याकडेच यायचं. मी शिकून बाहेर पडलो, इथे आलो, गाड्यांचे पत्रे दाबायच्या डायचं डिझाइन करायला लागलो. पगार त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त, पण हातात त्यांच्या निम्मीही कला नाही, आणि हे मी कुणाच्याही समोर म्हणतो.

मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या खाली जवळपास 350 मीटरवर मिठाची खाणच आहे. त्या मिठाने इथल्या जुन्या गाड्या खालून खाऊन टाकल्या. माझ्या गाडीचा फ्लोअर चालकाच्या पायाखाली गेलेला होता, डिकीचा तळ गेलेला होता, मागच्या चाकांमागचे कोपरे पुट्टीने भरलेले होते. चासी मात्र चांगली निघाली. मागच्या अ‍ॅक्सलवर जिथे ती वर वळते तिथे आत चिखल साचतो आणि आतून गंज धरतो, तिथे हातोडीने ठोकून, खणखणीत आवाज ऐकूनच मी गाडी घेतली. जीटीओची चासी वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर रबरांवर बसते, त्यामुळे बॉडी कुजली तरी चासी धड असेल तर गाडी वाचते. मस्टँगमध्ये तसं नाही, तिथे फ्लोअर आणि त्याखालचे रेल हाच सांगाडा. मस्टँग बघत असाल तर हे डोक्यात ठेवा, आणि समोरच्या काचेखाली हवा आत घ्यायच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून बघा. आत पायापाशी पाणी आलं तर मोठं काम आहे.

फ्लोअर आणि डिकीचे पत्रे नवे मिळतात, ते फार अवघड नाही. दारांच्या चौकटीत आधी पाइप वेल्ड करून आधार द्या, मगच फ्लोअर कापा, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. खरी अडचण आली मागच्या काचेखाली. 1966-67 च्या हार्डटॉपमध्ये मागची काच दोन्ही बाजूंच्या पाखांच्या आत खोल बसवलेली असते. दिसते फार सुंदर, पण तिच्या खालच्या पन्हाळीत पाणी साचतं, पट्टीच्या क्लिपपाशी गंज धरतो आणि तिथून डिकीत उतरतो. मी विकत आणलेला तुकडा एका टोकाला चपखल बसला आणि दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढी फट राहिली. तिथला पत्रा दोन दिशांना वळतो, नुसता वाकवून जमत नाही.

त्या उन्हाळ्यात आई-अण्णा आमच्याकडे आले होते. अण्णांना इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही, दिवसभर घरात बसून त्यांचा जीव उबगला होता. ते गॅरेजमध्ये आले, फट बघितली, आणि वाळू मागितली. जाड कापडाच्या पिशवीत वाळू भरून तोंड शिवलं. सिरीयलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा काढला. मग लाकडी हातोडा घेऊन उलट्या बादलीवर बसले आणि सपाट पत्र्याला वळण द्यायला लागले. थोडं ठोकायचं, साचा लावून बघायचा, परत ठोकायचं. मी घाईने मध्यभागी ठोकायला लागलो तर म्हणाले, "मधी मारू नगंस. पत्रा ताणला की लांबतोय, आन लांबला की परत येत न्हाई. कडंनं ये." मी डायच्या कामात पत्र्याचं ताणणं कॉम्प्युटरवर रंगीत नकाशात बघतो. ते त्यांना बोटांना कळत होतं.

वेल्डिंग मी केलं. त्यांनी आयुष्यभर गॅस आणि साधं आर्क वेल्डिंग केलेलं, मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं, त्यांनी हाताळलेलं नव्हतं. पातळ पत्र्याला 0.6 मिलिमीटरची तार आणि 75 टक्के आर्गॉन, 25 टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस वापरायचा. सलग शिवण कधीच ओढायची नाही. इथे एक टाका, तिथून वीतभर पुढे एक, मग हात ठेवता येईल इतकं गार होऊ द्यायचं, मग मधला. अण्णा दुसरं हेल्मेट घालून शेजारी उभे राहिले आणि प्रत्येक टाक्यानंतर मागून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हलकेच ठोकत गेले. ती पन्हाळ आज माझ्या गाडीत आहे आणि तिच्यावर पुट्टी जवळजवळ नाही.

त्याच दिवसांत आमच्या ओळखीतले एक गृहस्थ चहाला आले. मोठ्या हुद्द्यावर आहेत, नाव लिहीत नाही. गॅरेजमध्ये डोकावून म्हणाले, "काकांना अमेरिकेत आणून परत हातोडीच दिलीत होय हातात? अहो, एवढे शिकलात, गाडी दुकानात टाका. आपण ही कामं करायची नसतात." अण्णा काही बोलले नाहीत. हात धुवून आत गेले. मला ते वाक्य आजही सहन होत नाही. ज्या हातोडीवर माझी फी भरली गेली, ती त्यांच्या हातात दिसली तर त्यात कमीपणा कसला?

पुढे त्या गृहस्थांनी माझ्या गाडीच्याच काळातली एक 'पूर्ण रिस्टोर केलेली' गाडी घेतली. लाल रंग, आरशासारखी बॉडी, फोटोंचा जाड अल्बम. अण्णा पुढच्या खेपेला आले तेव्हा आम्ही ती बघायला गेलो. त्यांनी फ्रीजवरचं लोहचुंबक मागून घेतलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमालात गुंडाळलं आणि गाडीभोवती फिरले. दाराला चिकटलं, बॉनेटला चिकटलं, मागच्या काचेखाली घसरून पडलं. अण्णा मला म्हणाले, "हितं पत्रा न्हाई रे." गृहस्थ म्हणाले, काम नामांकित दुकानातलं आहे, कागद आहेत. नंतर तिथेच रंगाला फोड आले. उघडलं तर आत जाळी, तिच्यावर बोटभर पुट्टी, आणि खाली जुना गंज तसाच. दुरुस्तीचा खर्च ऐकून ते गप्प झाले.

तुमच्या मित्रांना हेच सांगा. हाताच्या कामाला कमी लेखणारा माणूस तयार गाडी घेतानाही फसतो, कारण काय बघायचं हे त्याला माहीतच नसतं. चकचकीत रंग आणि अल्बम बघून तो पैसे देतो. म्हणून माझं मत असं की गाडी घरी करा किंवा तयार घ्या, आधी एक वर्ष वेल्डिंग आणि पत्र्याचं काम शिका. इथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये संध्याकाळचे वर्ग असतात. त्यानंतर तयार गाडी घेतलीत तरी माझी हरकत नाही, तुम्ही चुंबक घेऊनच जाल.

ओरिजिनल इंजिन, म्हणजे ज्याचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो ते, यावर लोक वेडे होतात. विकायची असेल तर जरूर बघा. चालवायची असेल तर सोडून द्या. पॉन्टियाकचे 326 पासून 455 घनइंचांपर्यंतचे ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात, कोणतंही चांगलं इंजिन बसतं. माझं 389 आहे, मूळचं 335 हॉर्सपॉवरचं. कॉम्प्रेशन 10.75 ला 1 होतं, आजच्या पेट्रोलवर ते ठोकतं, म्हणून मशीन शॉपमध्ये खोलगट पिस्टन घालून उतरवलं. जुन्या पद्धतीचा कॅम असेल तर जास्त झिंक असलेलं ऑइल वापरा, आणि नवा कॅम पहिल्यांदा सुरू झाला की लगेच 2000 च्या वर आरपीएम नेऊन वीसेक मिनिटं तिथे ठेवा. सुरू करून आयडलिंगवर ठेवलात तर कॅम पहिल्याच दिवशी झिजतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र 'ओरिजिनल'वाल्यांचं अजिबात ऐकू नका. 1966 पर्यंतच्या या गाड्यांना एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर आहे. एक पाइप फुटला की पेडल तळाला आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. 1967 पासून दोन सर्किटचा आला, तो बसवा. सगळे पाइप नवे घाला. कुणी प्रदर्शनात नाक मुरडलं तर मुरडू द्या.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, त्या आता लिहितो. ब्रेक क्लीनर फवारलेल्या पत्र्यावर कधीही वेल्डिंग करू नका, क्लोरीनवाल्या क्लीनरपासून उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू होतो. जुन्या ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हार्डनरवाला रंग घरी मारू नका. त्यात आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो, आणि घराला लागून गॅरेज असेल तर मुलांपर्यंत तो वास जातो. सगळा पत्रा आम्ही घरीच केला, पण शेवटचा रंग दुकानातच मारून घेतला. आणि फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधी जाऊ नका, स्टँड लावा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हे सगळं विसरा, तयारच घ्या.

मिशिगनमध्ये असाल तर ऐतिहासिक नंबर प्लेट घ्या. एरवी मेळावे, परेड यांपुरतीच गाडी काढता येते, पण ऑगस्टमध्ये रोजच्या वापरालाही चालते. त्याच महिन्यात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर 1995 पासून जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ असतो. या, तिथे माझी गाडी बघा, चुंबक लावून बघितलंत तरी चालेल.

आणि कोणती गाडी बघताय ते खाली लिहा. 1966 ते 1971 ची जीटीओ असेल तर व्हिनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) पहिले तीन आकडे 242 आहेत का बघा. 237 असेल तर ती लेमान्स आहे, बॅज काहीही लावलेले असोत. 1964-65 ची असेल तर व्हिनवरून कळणार नाही. तेव्हा 'पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस'कडून कारखान्याच्या बिलाची प्रत मागवा, आणि ती हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.